सहा नोंदी बाजूला

माझ्या सुनेने एका पानाला अकरा दिवस लावले, तरी ते पुरं झालं नव्हतं. पान पुस्तकातलं नव्हे, कंप्युटरवरचं, आणि त्यात लिहायचं काय, तर एखादी गोष्ट पुसून कशी टाकावी. तेवढ्या अकरा दिवसांत मी सहा कवळ्या उभ्या केल्या, बँकेतल्या एका माणसाला पुढचे चार दात दिले आणि मोरीतला गळका नळ बदलून घेतला. ही आपली मागच्या खोलीत बसून एक वाक्य लिहिते, खोडते आणि पुन्हा तेच लिहिते. बरं, लिहावं तर गप्प लिहावं. माझ्या हातात तापलेली सुरी, समोर वितळलेलं मेण, आणि ही नेमकी तेव्हाच दारात उभी राहून विचारणार, की आई, काम संपलं असं तुम्ही कधी म्हणता? मेण थिजतं आणि पुन्हा तापवावं लागतं, हे तिला चार वर्षांत कळलेलं नाही.

आमची दातांची लॅब आहे. डॉक्टर माप घेतात, दात आम्ही करतो. लोकांना वाटतं डॉक्टरच करतात. डॉक्टरांनाही तसंच वाटतं. आमच्या ह्यांनी लॅब सुरू केली आणि मला हाताला धरून शिकवलं. हे गेल्यावर मी आणि मुलगा मिळून चालवतो. पुढच्या खोलीत मुलाचं टेबल आहे. तिथे मापात प्लास्टर ओतून माणसाच्या जबड्याचा साचा तयार होतो. मधल्या खोलीत खिडकीपाशी माझं टेबल, तिथे मेणात दात बसतात. भिंतीला वरपासून खालपर्यंत फळ्या आणि त्यांवर पांढरे जबडे, शेकड्यांनी, नंबर घालून मांडलेले. नवं माणूस आलं की दारातच थबकतं. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पण समोरच्याचे मिटलेले ओठ पाहून आत काय आहे आणि काय नाही, ते सांगते.

सून एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी घरून लिहिते. कंपनी जे बनवते ते कसं वापरायचं, हे लोकांना कळेल असं लिहून द्यायचं, हे तिचं काम. आधी ती कपडे धुण्याच्या मशीनची माहितीपत्रकं लिहायची, तेव्हा निदान मशीन तरी दिसायचं. हे सॉफ्टवेअर म्हणजे एका कामामागे दुसरं काम आपोआप लावून देणारी साखळी. डॉक्टरचा निरोप आला की यादीत नोंद होते, मुलाच्या फोनवर आठवण जाते, दात तयार झाले की डॉक्टरला कळतं. कोणी कोणाला हाक मारत नाही. वर्षापूर्वी तिने ती साखळी आमच्या लॅबला जोडून दिली आणि जुन्या वह्यांतलं सगळं त्या यादीत भरलं. तिच्या मधोमध एक एजंट बसवला. एजंट म्हटल्यावर मला घरं दाखवत हिंडणारा माणूस आठवला. हा मात्र कमिशन मागत नाही, चहा मागत नाही, त्याला तोंडच नाही. म्हणजे आमच्या धंद्याला त्याचं गिऱ्हाईक म्हणून काही उपयोग नाही, असं मी तेव्हा म्हणाले होते.

मग एका दुपारी मी मुलाला विचारलं, मागे एका माणसाचा सुळा मी मुद्दाम तिरपा बसवला होता, तो कोण? मुलगा छताकडे बघत बसला. सुनेने माझं वाक्य जसंच्या तसं त्या एजंटला दिलं. पापणी लवते न लवते तोच उत्तर आलं. नंबर, तारीख आणि मी सांगून मुलाने लिहिलेलं टिपण: वरचा टोकदार दात किंचित बाहेर, पूर्वी होता तसाच. त्यात सुळा हा शब्द नव्हता, तिरपा हाही नव्हता. तरी त्याला कळलं. मी उठले, हात स्वच्छ धुतले, चष्मा पुसला आणि परत येऊन ते पुन्हा वाचलं.

त्यानंतर मी त्याला नावं ठेवणं कमी केलं. बंद नाही केलं.

आता कंपनीने त्या एजंटच्या हातात नवं साधन दिलं होतं, पुसण्याचं. आतापर्यंत तो वाचायचा, लिहायचा, निरोप धाडायचा. आता नको असलेली नोंद काढूनही टाकणार. त्याची माहिती लिहायचं काम सुनेकडे आलं. मी म्हटलं, त्यात काय लिहायचंय, पुस म्हटलं की पुसेल. तेव्हा ती माझ्या टेबलाजवळ येऊन बसली आणि तिने मला जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातली सुरी खरोखरच थंड झाली.

त्या साधनाला एक चौकट असते. हे साधन कशासाठी आहे आणि कधी वापरायचं, ते माणसाने त्या चौकटीत साध्या भाषेत लिहायचं. आणि ते माणसासाठी नसतं. ते एजंट वाचतो.

"वाचतो म्हणजे?" मी विचारलं.

"वाचतो आणि तसं करतो, आई. त्या साधनाबद्दल त्याला दुसरं काही ठाऊकच नसतं. मी लिहीन तेवढंच त्याला माहीत. आणि माझ्या पानावर जे वाक्य नमुना म्हणून असेल, ते लोक उचलून आपापल्या चौकटीत चिकटवणार. किती ठिकाणी, ते मलाही कळणार नाही."

मी आयुष्यभर लोकांना कामं सांगत आले. घरात सांगते, लॅबमध्ये सांगते, डॉक्टरांनाही सांगते. निम्मे ऐकत नाहीत आणि उरलेले अर्धवट ऐकतात. आणि इथे कोणीतरी असा आहे की जो सांगितलेला प्रत्येक शब्द पाळणार, एकही इकडचा तिकडे न करता, हजार ठिकाणी, एकाच वेळी. मला तिचा हेवा वाटला आणि तिची काळजीही वाटली.

म्हणून ती विचारत होती, काम संपलं म्हणजे काय. मी म्हटलं, आमच्यात काम संपतच नाही. कवळी दिली की महिन्याने हिरडी टोचते म्हणून परत येते, वर्षाने हिरड्या बसतात म्हणून येते, मोलकरणीच्या हातून पडली म्हणून येते. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, साचा माझ्या टेबलावरून आईच्या टेबलावर गेला की माझं संपलं, मी यादीत 'झालं' अशी खूण करतो. हे मला त्या दिवशी कळलं. माझं काम सुरू व्हायच्या आधीच माझा मुलगा ते झालं म्हणून मोकळा होत होता. सुनेने दोन्ही उत्तरं लिहून घेतली आणि डोकं धरून बसली.

मग तिने विचारलं की तुम्ही जुने साचे फोडता ते कसं ठरवता. ते मात्र सोपं आहे. फळ्या भरल्या की आम्ही दोघं बसतो. मी साचा हातात घेते, मुलगा वहीतून नंबर वाचतो. दोघांना पटलं तर हातोडी. दोघांपैकी एकाच्याही मनात आलं की थांबावं, तर कारण न विचारता साचा परत फळीवर. ह्यांच्या वेळेपासून असंच आहे. तिने टाइप केलं: काम संपलेल्या नोंदी पुसून टाक. पण काम संपलं आहे की नाही याची शंका आली, तर पुसू नकोस, नोंद बाजूला ठेव आणि माणसाला विचार.

दुसरं वाक्य माझं आहे, हे मी शेजारणीला त्याच संध्याकाळी सांगितलं. चौथी शिकलेल्या बाईचं वाक्य कंपनीच्या पानावर चढणार होतं.

त्याच आठवड्यात आमच्याकडे घोषणाबाई आली. स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगणारा आवाज तिचा. सव्वीस वर्षं तोच आवाज. गावातली लहान मुलंसुद्धा तिची नक्कल करतात, कारण ती 'स' म्हणते तेव्हा बारीकशी शिट्टी वाजते. पुढच्या दोन दातांत फट आहे आणि उजवा दात डाव्यावर जरासा चढलेला. पुढचे सहा दात हलायला लागले होते, काढावेच लागणार होते. सगळे येतात ते सरळ, पांढरे, सिनेमातले दात मागतात. हिने खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं, फट ठेवा. नवीन आवाजात बोलले तर लोक माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, गाडी सुटेल त्यांची.

असं गिऱ्हाईक मला दहा वर्षांत एक मिळतं. मी तिच्याकडून लॅबमध्ये घोषणा म्हणून घेतल्या, जीभ कुठे टेकते ते पाहिलं, फट मोजली, दीड मिलिमीटरला किंचित कमी. मुलाने सगळ्या बाजूंनी फोटो काढून थेट यादीत टाकले, मी बोलले ते टिपण लिहिलं. घरी एखादा फोटो आहे का, असंही मी विचारलं. म्हणाली, सगळ्यांत तोंड मिटलेलं आहे, लहानपणी फटीवरून फार चिडवायचे.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगते. दात तोंडात असतानाच कवळीची तयारी करायची, तर साच्यावरचे प्लास्टरचे दात कापावे लागतात. त्यांच्या जागी नवे बसवायचे असतात. एकदा कापले की साच्यात ते माणूस उरत नाही. मुलाने बुधवारी ते दात कापले, यादीत लिहिलं की साचा कापला, मूळ दात फक्त फोटोत, आणि सवयीने 'झालं' अशी खूण करून साचा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

गुरुवारी सकाळी सुनेने मला पान वाचून दाखवलं. ती प्रत्येक पान मला वाचून दाखवते. तिचं म्हणणं, तुम्हाला कळलं तर जगाला कळेल. यात माझा मान आहे की अपमान, ते मी अजून ठरवलेलं नाही. तर त्या पानात माझं वाक्य नव्हतं. विचारलं तर म्हणाली, कंपनीतल्या तिच्या वरच्या बाईने काढायला सांगितलं. लोकांना पुसणं झटपट हवं असतं, मधे प्रश्न नको असतात.

मी चहाचा कप ठेवला आणि तिला फैलावर घेतलं. माझ्या घरात बसून माझेच शब्द मागून न्यायचे आणि मला न विचारता फेकून द्यायचे? खरं सांगायचं तर मला त्या घटकेला कसला धोका दिसत नव्हता, की पुढचं काही सुचत नव्हतं. मला राग आला होता. शेजारणीला मी काय तोंड दाखवणार होते? सून माझ्याशी वाद घालत नाही, ती ओठ घट्ट मिटते. तसे मिटून तिने वाक्य परत घातलं. म्हणाली, निदान आजच्या चाचणीपुरतं ठेवते.

चाचणी म्हणजे, तिने दहा दिवसांपूर्वी आमच्या यादीची हुबेहूब नक्कल करून ठेवली होती. खऱ्या यादीला हात लागायला नको, नकलेवर पुसून बघायचं आणि काय होतं ते पानावर लिहायचं.

दहाच्या सुमारास डॉक्टरचा फोन आला. घोषणाबाईला पहाटेपासून सूज आली होती. थांबता येण्यासारखं नव्हतं, पुढचे सहाही दात काढून टाकले. कवळी शनिवारी हवी. मी मुलाला म्हटलं, दिवा पेटव.

मेण तापेपर्यंत सुनेने मला मागच्या खोलीत बोलावलं. एजंटला तिने एका ओळीत काम सांगितलं आणि बटण दाबलं. पडद्यावर एक आकडा होता, दोन हजार एकशे सत्तेचाळीस. तो उतरायला लागला. आम्ही वीस साचे फोडतो तेव्हा खोलीभर धूळ होते, केसांत जाते, दोन दिवस नाकातून निघत नाही. हातोडीचा आवाज गल्लीभर जातो. इथे काही नाही. चाळीस वर्षांची तोंडं एकामागून एक जात होती आणि खिडकीतला पडदा हलला तेवढीच हालचाल. मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. सुनेने पानावर लिहिलं होतं, पुसलेली नोंद परत आणता येत नाही. ते मी तीनदा ऐकलं होतं. ते मला आत्ता कळलं.

मी टेबलाशी आले आणि मुलाला म्हटलं, घोषणाबाईची फट किती लिहिलीस ती सांग, आणि फोटो समोर लाव.

त्याने यादी उघडली. मग पुन्हा उघडली. मग त्याने पडदा माझ्याकडे वळवला. यादी रिकामी होती.

झालं होतं असं. सुनेने नक्कल केली, ती नवी म्हणून पडद्यावर सगळ्यात वर आली. दोन्ही याद्या दिसायला सारख्या. मुलगा रोज वरची उघडायचा. दहा दिवस आमचा सगळा धंदा सरावाच्या यादीत चालला होता, आणि खऱ्या यादीत घोषणाबाई कधी आलेलीच नव्हती. तिचे दात सकाळी डॉक्टरच्या बादलीत गेले. प्लास्टरचे दात मुलाने काल कापले. डॉक्टरकडे एक्स-रे होता, त्यात हाडं दिसतात, माणूस दिसत नाही.

सून दारात येऊन उभी होती. मुलाने तोंड उघडलं, बहुतेक तिच्यावर ढकलायला, आणि माझ्याकडे बघून मिटलं. मी डोळे मिटून ती फट आठवायचा प्रयत्न केला. आकडा आठवत होता. उजवा दात डाव्यावर किती चढला होता, ते आठवेना. जेवढं आठवायला जाईन तेवढं निसटत होतं. चाळीस वर्षांत मला पहिल्यांदा माझ्या हातांवर भरवसा वाटला नाही.

मग सून वळली आणि मागच्या खोलीत गेली. काही वेळाने तिची हाक आली, हळू, देवघरात बोलावं तशी. आम्ही दोघं गेलो.

पडद्यावर एजंटचा निरोप होता. दोन हजार एकशे एकेचाळीस नोंदी पुसल्या. सहा नोंदी बाजूला ठेवल्या आहेत. खाली सहा नंबर आणि प्रत्येकापुढे कारण. तिसरी घोषणाबाई. तिच्यापुढे लिहिलेलं सुनेने मला वाचून दाखवलं, आणि मग मी स्वतः, अक्षरावर बोट ठेवून, वाचलं.

"या नोंदीवर 'झालं' अशी खूण आहे. पण 'साचा कापला, मूळ दात फक्त फोटोत' असंही लिहिलेलं आहे आणि कवळी दिल्याची तारीख नाही. ही पुसली तर मूळ दात दुसरीकडे कुठे असतील का, हे मला माहीत नाही. काम संपलं आहे का, हे मला ठरवता आलं नाही. पुसू का?"

मी खुर्चीत बसले. त्याने घोषणाबाईला पाहिलेलं नाही. तिची शिट्टी ऐकलेली नाही. दात म्हणजे काय, चावणं म्हणजे काय, त्याला कुठून ठाऊक असणार? तो दोन हजार तोंडांवरून सरसर गेला आणि हिच्यापाशी येऊन थांबला, हातात साचा घेऊन आमचे हे थांबायचे तसा. कारण एका बाईने सकाळी रागाच्या भरात घालायला लावलेलं एक वाक्य त्याने खरं मानलं होतं. मला वाटलं त्याला काहीतरी म्हणावं. पण त्याला काय म्हणणार आणि कुठल्या कानात? मी सुनेला म्हटलं, नको पुसू म्हणून सांग त्याला. तिने लिहिलं. त्याने एका शब्दात उत्तर दिलं, बरं.

त्या दहा दिवसांत आलेल्या सात नव्या नोंदींपैकी सहा अशा वाचल्या, सातवी गेली ती गेलीच. बँकेतल्या माणसाचे चार दात. ते दिलेले होते, तारीखही होती. एजंटच्या हिशेबाने ते बरोबर होतं आणि आमच्याही.

मी जेवायच्या आत दात बसवले. मुलगा फोटो धरून उभा राहिला आणि दातखीळ बसल्यासारखा गप्प होता, त्याने काम चांगलं झालं. शनिवारी घोषणाबाई डॉक्टरकडून थेट आमच्याकडे आली. गाल सुजलेले, डोळे थकलेले. मी आरसा पुढे केला तर तिने तो हाताने बाजूला सारला. आधी घसा खाकरला. मग म्हणाली, "सहा नंबरच्या फलाटावरची गाडी साडेसातला सुटेल." शिट्टी वाजली, पहिल्यासारखी, बारीक. फळ्यांवरच्या शेकडो जबड्यांमधून ती फिरून आली असं मला वाटलं. तिने तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, आणि मगच आरसा मागितला.

ती गेल्यावर सून माझ्या टेबलाशी आली. या वेळी मेण तापलेलं नव्हतं, तिने आधी पाहून घेतलं. सांगू लागली, की वरच्या बाईला तिने सगळं कळवलं. ती यादी कोणी वापरतंय का ते न बघता बटण दाबलं, हेसुद्धा. त्या बाई म्हणाल्या, वाक्य ठेवा. सराव करण्याआधी ती यादी दुसरं कोणी वापरत नाही ना हे बघा, अशी आणखी एक ओळ तिने घातली आहे. पण पान अजून पुरं झालेलं नाही, दोन दिवस तरी जातील. मग खाली बघत म्हणाली, आई, तुम्हाला माझा राग आला असेल तर बोला, तुम्ही परवापासून काही बोललाच नाहीत.

मी चष्मा काढला.

"न बघता बटण दाबलंस, ते चुकलंच. तुझ्या नवऱ्याचं तुझ्याहून जास्त चुकलं, त्याचं मी वेगळं बघते. तू फार हळू लिहितेस, हे मी उद्याही म्हणेन. पण तुझं लिहिलेलं तो पाळतो, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा दोन दिवस लागू देत, चार लागू देत. फक्त माझं वाक्य तू खाली कोपऱ्यात दडवलं आहेस, ते वर घे."